हार्लेमचा चितारी आणि आमचे मामा

गेल्या वर्षी आपल्या नियतकालिकाच्या मराठी विभागासाठी मी एक ऐतिहासिक कथा दिली होती. ती छापून आली नाही. संपादकांनी ती नाकारली असे कुणी समजू नये. त्यांनी ती घेतली होती, एका ठिकाणी 'छान' असा शेराही मारला होता. कथा मीच परत मागून आणली. वर्षभर मित्र विचारीत राहिले, "अरे, तुझ्या त्या डच चित्रकाराचं काय झालं?" त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नसल्यामुळे हा लेख लिहायला घेतला आहे.

प्रथम त्या चित्रकाराविषयी. दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या तासाला सर आदिलशाही शिकवीत होते. दुपारचा तास, बाहेर धारवाडचा पाऊस, वर्गातले निम्मे डोळे मिटलेले. इब्राहिम आदिलशहा दुसरा (१५८० ते १६२७) याच्या दरबारातील कलावंतांची नावे सांगता सांगता सर सहज म्हणाले, "आणि याच्या पदरी हॉलंडमधला एक चित्रकारही होता, कॉर्नेलिस हेडा." एवढे बोलून ते पुढे गेले. मी मात्र तेथेच राहिलो. आपल्यापासून दोनशे किलोमीटरवर असलेल्या विजापुरात, चारशे वर्षांपूर्वी, हॉलंडचा माणूस चित्रे काढीत बसला होता!

ग्रंथालयात शोधाशोध केली. सरांना पुन्हा पुन्हा गाठले. हाती लागले ते असे. कॉर्नेलिस क्लास्झ हेडा हा हार्लेम गावचा. जन्म साधारण १५६६ चा. इटलीतील प्रबोधनकाळाचे वारे तोवर उत्तरेकडे पोचले होते आणि हार्लेम हे त्या चित्रकलेचे एक मोठे केंद्र बनले होते. तेथील नामवंत चित्रकार कॉर्नेलिस कॉर्नेलिस्झ याच्या हाताखाली हा शिकला. पुढे प्रागला सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारी गेला. हा रुडॉल्फ म्हणजे विलक्षण गृहस्थ. त्याच्या पदरी चित्रकार होते, किमयागार होते, टायको ब्राहे आणि केप्लर यांच्यासारखे ज्योतिर्विद होते. इराणच्या शहा अब्बासकडे जाणाऱ्या वकिलातीबरोबर हेडा पूर्वेकडे निघाला. मध्येच पोर्तुगीजांच्या कैदेत पडला, गोव्याला आला आणि अखेर घाट चढून विजापुरात पोचला. सुमारे १६१० पासून तो इब्राहिमचा दरबारी चित्रकार होता. व्हीनस आणि तिच्या सोबतच्या देवता यांचे एक चित्र त्याने काढले व ते सुलतानाला पसंत पडले. पूर्व किनाऱ्यावर आलेल्या डच कंपनीच्या लोकांशी त्याचा पत्रव्यवहार होता. १६२२ मध्ये तो विजापुरातच वारला. हार्लेमला तो परतला नाही.

आणि त्याची चित्रे? हे नक्की हेडाचेच, असे बोट ठेवून दाखवता येईल असे त्याचे एकही विजापुरी चित्र आज आपल्यापुढे नाही. इब्राहिमने १५९९ मध्ये वसवायला घेतलेले नवरसपूर १६२४ मध्ये मलिक अंबरने लुटले. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले. एवढ्या उलथापालथीत कापडावरच्या रंगाची काय कथा?

माझ्यासारख्या होतकरू लेखकाला आणखी काय हवे? चित्रे नाहीत, पुरावा थोडा, म्हणजे मोकळे रान. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीची परंपरा हरिभाऊ आपट्यांच्याही आधीपासूनची. रणजित देसाईंनी १९६२ मध्ये 'स्वामी' लिहिली आणि चित्रकारावरही 'राजा रविवर्मा' लिहून दाखवली. शिवाय जी. ए. कुलकर्णी याच धारवाडात महाविद्यालयात इंग्रजी शिकवता शिकवता मराठी कथा लिहीत होते. या गावच्या पावसात काहीतरी असले पाहिजे, असे मी मनाशी ठरवले आणि चार रात्रींत कथा लिहून काढली. तिच्यात दरबारातली एक नर्तकी होती. तिचे व हेडाचे प्रेम होते. त्या प्रेमाचा सुगावा लागलेला एक दुष्ट वजीर होता. शेवटी विषाचा पेला होता आणि मरताना हेडाच्या हातून गळून पडणारा कुंचला होता. संवाद सगळे 'जहाँपनाह' आणि 'गुस्ताखी माफ' असे.

आता आमच्या मामांविषयी.

आमचे गाव खानापूर तालुक्यातले. कॉलेजसाठी मी धारवाडला आलो तो मामांच्या घरी राहायला, सप्तापूरला. सप्तापूर आपल्या सर्वांना ठाऊक आहे: खोल्या, खानावळी, झेरॉक्सची दुकाने आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या पाट्याच पाट्या. या पाट्यांचे हल्ली सगळे फ्लेक्स झाले आहेत. मामा साइनबोर्ड रंगवीत. १९७७ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी ते गावातून एक पिशवी घेऊन धारवाडला आले आणि एका जुन्या कन्नड पेंटरच्या हाताखाली लागले. मामा मराठी शाळेत शिकलेले. कन्नड त्यांना कानाने थोडे कळे, पण एक अक्षर वाचता येत नसे. पहिली दोन वर्षे ते कन्नड अक्षरे चित्रासारखी काढीत. 'ಕ' ला ते 'वरून चपटा, खाली गोल' म्हणत आणि 'ಲ' ला 'वेटोळं'. आपण काय लिहिले हे त्यांना दुकानाचा मालक खूश झाल्यावर कळे. पुढे वाचायलाही शिकले. पण अक्षराकडे आधी चित्र म्हणून पाहायची सवय काही गेली नाही.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती केली नाही तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी मित्रांनी विचारले की मी सांगत असे, "मामा आर्टिस्ट आहेत." ते खोटे नव्हते, पण मी ते ज्या सुरात सांगत असे तो सूर खोटा होता. एके दिवशी आम्ही चौघे-पाच जण गप्पा मारीत चाललो होतो. रस्त्याकडेच्या एका कंपाउंडच्या भिंतीवर मामा शिडीवर चढून अक्षरे रंगवीत होते. डोक्याला फडके, लेंग्यावर रंग, तोंडात ब्रश धरलेला. मी त्यांना पाहिले. त्यांनीही मला पाहिले. मी मित्रांशी बोलत पुढे निघून गेलो.

संध्याकाळी मामा घरी आले, रॉकेलने हात पुसले, जेवायला बसले. त्या प्रसंगाविषयी ते तेव्हा काही बोलले नाहीत, पुढेही कधी बोलले नाहीत.

कथा पूर्ण झाल्यावर ती मी प्रथम मामांनाच वाचून दाखवली, याला कदाचित तेच कारण असावे. तोवर मामांचे काम जवळजवळ सुटले होते. फ्लेक्स आल्यापासून एखाद्या शाळेची भिंत, एखाद्या ट्रॅक्टरचा नंबर, असे काहीतरी मिळे. पलंगावर पाय घेऊन त्यांनी सगळी कथा डोळे मिटून ऐकली. नर्तकी झाली, वजीर झाला, विषाचा पेला झाला. मी थांबलो. मामांनी डोळे उघडले आणि विचारले,

"तेल कुठलं वापरायचा रे तो?"

मला प्रश्नच कळला नाही.

"अरे, तुझा माणूस तैलचित्रं काढणारा ना? मग रंग कशात कालवायचा? तिकडून येताना डबे घेऊन आला काय? तुरुंगात होता म्हणतोस. तिथनं सुटताना कुणी रंग देतंय होय?" मग स्वतःच क्षणभर विचार करून म्हणाले, "जवसाचं असणार. ते तेल हवेनं सुकतं, पक्कं होतं. तिळाचं नाही सुकत. विजापूरकडं जवसाला काय तोटा? चटणी करून खातात की. घाणा असेल गावात. तिथं जाऊन ह्यानं मागितलं असेल. पण मागितलं कुठल्या भाषेत?"

मी उर्दूतले ते 'गुस्ताखी माफ' त्यांना पुन्हा वाचून दाखवले. मामा हसले. "घाण्यावर गुस्ताखी माफ?"

त्यांचे प्रश्न तेथेच थांबले नाहीत. पगार महिन्याला की कामावर? कापड कसे ताणायचा? आधीचे दरबारी चितारी त्याला जवळ बसू देत होते की लांब? आणि सगळ्यांत शेवटी, जरा थांबून, "घरी पत्र लिहायचा काय?"

शेवटच्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे आईकडून कळला. धारवाडला आल्यावर मामांनी तीन वर्षे घरी पत्र लिहिले नव्हते. काय लिहायचे? वाचता न येणारी अक्षरे रंगवतो म्हणून?

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठून दरबारच्या भाषेविषयी विचारले. सर म्हणाले, "अकबराचा वकील असदबेग १६०३-०४ च्या सुमारास विजापुरात आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की इब्राहिमला फारसी समजे, पण बोलताना अडखळे. तो मराठीत बोले." मी थक्क झालो. फारसी दरबाराची, दखनी सुलतानाच्या गाण्यांची, कन्नड आसपासच्या रयतेची आणि मराठी खुद्द सुलतानाच्या तोंडची. आपल्या कॉलेजच्या कँटीनपेक्षा वेगळे ते काय होते? हे मी मामांना सांगितले तेव्हा ते भलतेच खूश झाले. "म्हणजे राजानं त्याला मराठीतच सांगितलं असेल की, 'नाक जरा बारीक कर'!"

त्याच दिवाळीत मी मामांना घेऊन विजापूरला गेलो. (शहराचे नाव २०१४ पासून विजयपूर झाले आहे, पण मामांच्या तोंडी विजापूरच.) ज्वारीच्या शिवारातून पाच-साडेपाच तासांचा बसप्रवास. गोलघुमटात मामांनी कुजबुजण्याच्या सज्जात चढायला नकार दिला. त्यांचे गुडघे दुखत होते. इब्राहिम रोजात मात्र ते तासभर एका खिडकीपुढे उभे राहिले. तेथल्या काही खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अरबी अक्षरे आहेत. अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड येतो. मामांना अरबी येत नव्हते. ते बोटाने हवेत अक्षरे गिरवीत होते. "हा बघ, इथं हात उचललेला नाही. इथं दम घेतलाय." मग म्हणाले, "दगडात फ्लेक्स लावता येत नाही, हे एक बरं."

ती त्यांची थट्टा होती, पण मला हसू आले नाही. त्या दिवशी मी त्यांना शिडीच्या प्रसंगाविषयी काही बोलणार होतो. बसमध्ये बोलू असे ठरवले. बसमध्ये त्यांना झोप लागली.

परत आल्यावर मी कथा संपादकांकडून मागून आणली. नर्तकी काढली, वजीर काढला, विषाचा पेला काढला. उरले काय? एक माणूस परक्या गावात घाण्यापुढे उभा राहून तेल मागतो आहे, एवढेच. पुढे लेखणी चालेना.

मार्च महिन्यात मामा गेले. दोन दिवसांचे दुखणे. मामींना मूलबाळ नाही. सगळे मीच केले.

बाराव्या-तेराव्याला नातेवाईक जमले आणि मामांविषयी बोलू लागले. कुणी म्हणाले, त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये प्रवेश मिळाला होता, पण घरच्यांसाठी त्यांनी तो सोडला. कुणी म्हणाले, एका सिनेमा कंपनीने पोस्टरे काढायला बोलावले होते. एका दूरच्या काकांनी तर एका संस्थानिकाने त्यांना अंगावरची शाल दिल्याचे सांगितले. १९७७ नंतर कुठले संस्थानिक आणि कुठली शाल! मामी काही न बोलता ऐकत होत्या. मी रागाने उठून बाहेर आलो. ओट्यावर बसल्यावर माझ्या ध्यानात आले की ही तर माझीच कथा आहे. आत बसलेली माणसे मामांना नर्तकी आणि वजीर देत होती. वाईट हेतूने नव्हे. मामांवर त्यांची माया होती. पण मामांनी आयुष्यभर जे केले ते त्यांना पुरेसे वाटत नव्हते. त्यात थोडी शाल आणि थोडी जे. जे. घातल्याशिवाय ते इतरांना सांगण्याजोगे होत नव्हते. 'मामा आर्टिस्ट आहेत' असे मी पहिल्या वर्षी सांगत होतो, तेव्हा दुसरे काय करीत होतो?

दुसऱ्या आठवड्यात मी मामांची पाटी शोधायला निघालो. चाळीसएक वर्षांत त्यांनी किती पाट्या रंगवल्या असतील! सप्तापूर बावीपासून सुरुवात केली, गल्लीबोळ पालथे घातले, पार लाइन बाजारापर्यंत गेलो. कुठे दुकान पाडून इमारत झालेली, कुठे पत्रा भंगारात गेलेला. तिसऱ्या दिवशी घराच्या मागच्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीपाशी, वाऱ्याने फाटलेल्या फ्लेक्सच्या आड लाकडी फळीचा एक कोपरा दिसला. निळ्या जमिनीवर पिवळे अक्षर, त्याला लाल शेड. 'वरून चपटा, खाली गोल.'

गिरणीवाल्या आजोबांना मी कोण ते सांगितले. त्यांनी हातातले पीठ झटकले. "भाळ चलो बरीतिद्रु री," ते म्हणाले. फार छान लिहायचे हो. मग फळीवर फ्लेक्स मारल्याबद्दल त्यांना उगाचच ओशाळल्यासारखे झाले. मुलाने बसवला, फळी काढायला जीव झाला नाही म्हणून तशीच ठेवली, असे ते सांगू लागले. मी म्हटले, राहू द्या, आड आहे म्हणून रंग टिकला. त्यांनी स्टूल दिले. मी वर चढून फ्लेक्सची फाटकी बाजू उचलून धरली आणि आत पाहिले. खालच्या कोपऱ्यात मामांची सही नव्हती. साइनबोर्डवाले बहुधा सही करीत नसत. त्या गल्लीतून आपल्या कॉलेजची मुले जात होती. एका मित्राने हाक मारली, "काय रे, वर काय करतोयस?"

"मामांची पाटी आहे," मी म्हणालो. "माझे मामा पेंटर होते."

एवढे वाक्य म्हणायला मला तीन वर्षे लागली.

हेडाविषयी आणखी दोन गोष्टी मला अलीकडे कळल्या. त्या मामांना सांगता आल्या असत्या तर बरे झाले असते. पहिली अशी की विलेम क्लास्झ हेडा नावाचा हार्लेमचा एक चित्रकार पुढे फार प्रसिद्ध झाला. जेवणाच्या मेजावरचे अर्धवट सोललेले लिंबू, कलंडलेला प्याला, चुरगळलेले टेबलाचे कापड अशी त्याची चित्रे जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. आपला कॉर्नेलिस हा या विलेमचा मामा. भाच्याची चित्रे जगभर आहेत आणि मामाचे एकही नाही. दुसरी गोष्ट फारुख बेगची. हा इराणी चित्रकार अकबराच्या पदरी होता, मग काही काळ विजापुरात राहिला असे अभ्यासक मानतात, पुढे जहांगीरकडे गेला. त्याने काढलेले, तंबुरा वाजवणाऱ्या इब्राहिमचे चित्र आज प्रागच्या एका संग्रहालयात आहे. प्रागहून निघालेला चितारी विजापुरात संपला आणि विजापूरच्या राजाचे चित्र प्रागला पोचले. अशी गोष्ट मी कथेत रचली असती तर सरांनी 'योगायोग फार' असा शेरा मारला असता.

ऐतिहासिक कथा लिहूच नये असे माझे म्हणणे नाही. कागदपत्रे जेथे संपतात तेथे कल्पना करावीच लागते. हेडा पत्रे लिहीत असे एवढे आपल्याला ठाऊक आहे. लिहिताना त्याचा हात थांबत होता का, हे सांगणे कथाकाराचेच काम. पण मला आता असे वाटते की कल्पना करताना त्या माणसाचे काम आधी समजून घ्यावे. आपण लिहिलेले त्याला वाचून दाखवता आले असते तर त्याने स्वतःला ओळखले असते का, हे स्वतःला विचारावे. नाहीतर आपण त्याच्या फळीवर आपला फ्लेक्स ठोकतो. खाली काही होते याचीही मग कुणाला आठवण राहत नाही.

हा माझा शेवटच्या वर्षाचा अंक. कथा अजून पुरी झालेली नाही. मामींनी मामांचे ब्रश मला दिले आहेत. ते टर्पेंटाइनमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून टेबलावर ठेवले आहेत. सुटीत पुन्हा एकदा विजापूरला जाणार आहे. तेथे जवसाचा घाणा कुठे आहे ते आधी विचारायचे आहे, आणि ते मी कन्नडमध्ये विचारणार आहे.